नाले आरशासारखे लख्ख केले तरी मुंबई तुंबणारच

भरती_ओहोटी (धागाकर्ता)

पहिला दणक्याचा पाऊस झाला की ठरलेला खेळ सुरू होतो. वार्ताहर दादरच्या हिंदमाताला गुडघाभर पाण्यात उभा राहतो, विरोधक गाळाचा हिशेब मागतात, प्रशासन नाल्याकाठचे फोटो दाखवतं. मला हा सगळा वाद चुकीच्या जागी चाललाय असं वाटतं. नालेसफाई व्हावीच, पण मुंबई तुंबण्याचं मूळ तिथे नाही.

मूळ आहे शहराच्या उंचीत. मुंबईचं पावसाचं पाणी १८६ पातमुखांतून, म्हणजे वाहिन्यांच्या शेवटच्या तोंडांतून, समुद्रात नि खाडीत जातं. त्यातली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत. १३५ सरासरीच्या वर, पण भरतीच्या पातळीखाली. उरली किती? सहा. मोठ्या भरतीत बाकीच्यांतून पाणी बाहेर पडणं सोडाच, दारं लावली नाहीत तर समुद्रच आत येतो.

दुसरं म्हणजे ब्रिटिशांच्या वेळच्या वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी बांधल्या. तेही ओहोटी आहे असं धरून आणि पडलेल्यातलं निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं गृहीत धरून. ते 'निम्मं' आता मुरणार कुठे? पेव्हर ब्लॉकमध्ये?

सात बेटांमधली खाजणं बुजवून हे शहर उभं राहिलंय. बुजवलेली जागा बशीसारखी खोलगट राहते आणि पाण्याला आपलं जुनं घर बरोबर सापडतं.

---

गाळ_कुठाय

वा! म्हणजे दोष समुद्राचा, चंद्राचा आणि ब्रिटिशांचा. कंत्राटदार सुटला.

भरती दिवसातून दोनदा येते आणि काही तासांत उतरतेही. मग पाणी दिवसभर का उतरत नाही? मिठी नदीच्या गाळाच्या कामात ६५ कोटींची फसवणूक झाल्याच्या आरोपावरून पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मे २०२५ मध्ये गुन्हा नोंदवला. त्याच महिन्यात २६ तारखेला शहर बुडालं. नालेसफाईची मुदत ३१ मे, पाऊस आधीच हजर. आचार्य अत्रे चौकाचं भुयारी मेट्रो स्टेशन सुरू होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता, तिथेही पाणी शिरलं. हाही भूगोलच का?

भूगोलावर ढकलणं सोपं असतं हो. तो खुलासा मागत नाही.

---

भरती_ओहोटी

२६ मेला अमावास्येचं उधाण होतं, सकाळी अकरा-साडेअकराची भरती. मुसळधार पाऊस नेमका त्याच सकाळी. भ्रष्टाचार नाही असं मी कुठे म्हटलं? म्हणणं एवढंच की प्रामाणिक कंत्राटदार मिळाला तरी त्या दोन तासांत पाणी जाणार कुठे?

---

कुर्ल्याची_सून

मी मिठीच्या काठाला राहते. या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे असं समजते.

दरवेळी कोणीतरी लिहितंच की झोपड्यांनी नदी अडवली. (वर अजून कुणी लिहिलं नाही, पण येईल, मला माहीत आहे.) आमच्या घरांनी काठ आवळला हे खोटं नाही. पण विमानतळाची धावपट्टी याच नदीवर आहे. तिथे तिला काटकोनात वळवलंय. पुढे जिथे ती पसरायची, त्या खाजणात भराव टाकून बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) उभं केलं. त्या काचेच्या इमारतींना अतिक्रमण म्हणायची कुणाची टाप नाही. अतिक्रमण फक्त पत्र्याचं असतं.

२६ जुलै २००५ ला मी लग्न होऊन आले त्याला वर्षही झालं नव्हतं. पाणी दारातून आलं नाही, मोरीतून वर आलं. आधी मोरीतून, मग संडासातून, मग दारातून. सासूबाईंनी आधी तांदळाचा डबा पोटमाळ्यावर चढवला, मग मला. गाळ होता का? होता. भरती होती का? तीही होती. पोटमाळ्यावर बसून आम्ही भांडलो नाही की कुठलं पाणी कुणाचं.

---

निवृत्त_स्थापत्य

ताई, मोरीतून वर येणं हेच बाहेरचं तोंड बंद झाल्याचं लक्षण.

त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७४. एकाच शहरात! तेवढा पाऊस जगातली कुठलीही गटारं वाहून नेणार नाहीत, तो दिवस उदाहरण म्हणून बाजूला ठेवा. रोजचा हिशेब बघा. एक एकराचा भूखंड, तासाला ५० मिमी पाऊस. पाणी होतं सुमारे दोन लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. पूर्वी त्या भूखंडावर चाळ, मधे मातीचं अंगण, कडेला विहीर. आता कंपाउंड ते कंपाउंड काँक्रीटचा पोडियम. वीसच्या वीस टँकर तासाभरात रस्त्यावर. असे किती भूखंड एकट्या परळ-लालबागला झालेत ते मोजा.

ब्रिमस्टोवॅडचा, म्हणजे मुंबईच्या पावसाळी वाहिन्या सुधारण्याच्या योजनेचा, अहवाल १९९३ चा. त्यात ताशी ५० मिमीची क्षमता सुचवली होती आणि थेंबही मुरणार नाही असं धरलं होतं. अहवाल बारा वर्षं कपाटात, जाग आली २००५ च्या पुरानंतर. मग हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध अशी सहा उदंचन केंद्रं झाली. भरतीत दारं लावायची आणि पाणी पंपाने उचलून समुद्रात टाकायचं. मोगरा आणि माहुल ही दोन मात्र वर्षानुवर्षं रखडली. त्यामुळे धागाकर्त्याचं निदान बरोबर, पण 'तुंबणारच' हे शीर्षक मला पटत नाही. समुद्र अचानक खवळून येत नाही, भरतीचं वेळापत्रक वर्षभर आधी छापलेलं असतं.

---

आंबिल_काठचा

एक शंका. पुण्याला समुद्र कधी लागला? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने भिंती पाडल्या, सोसायट्यांतल्या गाड्या एकमेकींवर चढवल्या, माणसं गेली. आम्ही समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच. तुमची पातमुखांची गोष्ट इथे कशी लावायची?

---

गाळ_कुठाय

😄 घ्या.

---

भरती_ओहोटी

शंका रास्त आहे. 'मूळ उंचीत आहे' हे मी सगळ्या शहरांना लावलं तर फसेन, मुंबईपुरतंच म्हणतो. पण तुमच्याकडेही दोष गाळाचा नव्हता ना? ओढ्याचं पात्र आवळलं, त्यावर भिंती घातल्या. झाडूने ते सुटणार होतं का?

---

गाळ_कुठाय

भिंती घालायला परवानगी समुद्राने दिली नव्हती, एवढंच. माझा मुद्दा पहिल्यापासून तोच आहे.

---

दादर_पूर्व

हिंदमाताचं नाव वर आलंच आहे म्हणून. आमच्याकडे प्रमोद महाजन उद्यान आणि झेवियर्स मैदान यांच्याखाली मोठ्या टाक्या बांधल्यात. भरतीत पाणी तिथे साठवायचं, ओहोटीला सोडायचं. पूर्वी पाणी संध्याकाळपर्यंत हटायचं नाही, दुकानदार शटरपुढे विटांचा बांध घालायचे. आता बऱ्याचदा लवकर उतरतं. तुंबणं बंद झालेलं नाही, २६ मेला पुन्हा तीच गत. पण फरक आहे आणि तो नाला उपसून पडलेला नाही, हे गाळवाल्यांनी मान्य करावं. पंप वेळेवर चालू करायला मात्र माणूसच लागतो, हे भरतीवाल्यांनी.

---

कुर्ल्याची_सून

वरची भांडणं चालू द्या. आज रात्रीची भरती किती वाजता आहे ते कुणी सांगेल का? बाहेर पाऊस धरलाय.

---

भरती_ओहोटी

पाऊणला. ताई, ओहोटी लागली की लगेच निर्धास्त होऊ नका. तुमच्याकडे वरून विहार-पवईचं पाणी येतच राहतं, समुद्र मागे हटल्यावरही मिठी तासभर तरी चढलेली असते. गाद्या अडीचपर्यंत वरच ठेवा.