मदत हवी आहे: एकमेकांचे पाठ पाहण्याचे तास 50 तासांत धरले जातात का?

नमस्कार. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे, पहिली ते चौथी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासाचे सांगितले आहेत. दीक्षा या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स करून प्रमाणपत्रं जमतात, पण खरं सांगायचं तर व्हिडिओ चालू ठेवून वह्या तपासणारे आपणच असतो.

म्हणून केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) आम्ही चौघांनी एकमेकांचे पाठ पाहायचं ठरवलं. एक जण बाहेर गेला की दुसऱ्यावर चारही वर्ग येतात, त्यामुळे प्रत्यक्ष भेटी दोनच झाल्या. मग मोबाइलवर 20 मिनिटांचा पाठ रेकॉर्ड करून शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत) दाखवला. भागाकाराच्या त्या पाठावर जी चर्चा झाली, तशी कुठल्याच प्रशिक्षणात झाली नव्हती. केंद्रप्रमुख अनुकूल आहेत, पण "तास कशाच्या आधारे लिहू?" असं विचारतात. आम्ही फक्त तारीख, विषय आणि सह्या ठेवल्या आहेत.

निधी नाही, नेटवर्क बेताचं. मुलांचे चेहरे दिसतात म्हणून व्हिडिओ ग्रुपवर टाकत नाही, पेन ड्राइव्हवरच ठेवतो. नवीन अॅप सुचवू नका, प्लीज.

तुमच्या जिल्ह्यात डाएटने (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने) असे तास मान्य केले आहेत का? केले असतील तर निरीक्षणाच्या नोंदीत नेमके कोणते रकाने होते, आणि पाठानंतरच्या चर्चेचा वेळही त्यात धरला का?