परदेशी महिला डिप्लोमॅट गावात येतायत, चर्चेत बोलायचं काय?

नीलमोहर: नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजच्या सांस्कृतिक देवाणघेवाणीत केनिया आणि रवांडाच्या महिला डिप्लोमॅट येणारेत, त्यातला अर्धा दिवस जवळच्या गावात. लेझीम, पुरणपोळी, नऊवारी नेसून फोटो वगैरे ठरलंय, पण नंतर ग्रामपंचायतीत तासभर "महिलांचे राजकीय सक्षमीकरण" आहे आणि ते माझ्या गळ्यात पडलंय. मागे असेच पाहुणे आले तेव्हा सरपंचबाई हार घालून बसल्या आणि सगळी उत्तरं त्यांच्या मिस्टरांनी दिली. ७३वी घटनादुरुस्ती, ५० टक्के आरक्षण, एवढ्यावर तास निघेल का?

कोयनाकाठ: ताई ते आकडे त्या आधीच वाचून येतील. १९९३ ला पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा, २०११ ला आपल्याकडे निम्म्या, दोन वाक्यांत उरका. त्यापेक्षा आडवी बाटली सांगा. दारूचं दुकान बंद करायला मतदान होतं, मतपत्रिकेवर एक बाटली उभी एक आडवी, आडवी म्हणजे दुकान बंद, आणि झालेल्या मतदानाच्या नाही तर यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला लागतात, म्हणजे जी माहेरी गेली तिचं मत फुकटात दुकानदाराच्या खिशात. मग बाया उंबरे झिजवतात, पुण्याला गेलेल्या सुनांना फोन करकरून बोलावतात, यादीतली मयत नावं शोधतात. बूथ लेव्हलचं राजकारण याहून वेगळं काय असतं?

रिकामटेकडा_अण्णा: रवांडाच्या संसदेत साठ टक्क्यांच्या वर बायका आहेत हो. आपल्या लोकसभेत २०२४ ला निवडून आल्या ५४३ पैकी ७४. त्यांना आपण काय शिकवणार, उगाच विश्वगुरू होऊ नका.

मेधा_नैरोबी: अण्णा, शिकवायचं कुणी म्हटलंय? आणि नुसत्या आकड्याला भुलू नका, रवांडात ८० पैकी २४ जागा बायकांना राखीव आहेत, बाकीच्या बहुतेक पक्षांच्या यादीतून येतात, पण राष्ट्राध्यक्ष २००० पासून तेच एक. डोकी मोजली म्हणजे सत्ता मोजली असं नाही. केनियाच्या बाईंना मात्र जरूर बोलतं करा. इथे २०१० च्या राज्यघटनेत लिहिलंय की निवडून आलेल्या सभागृहात कुठल्याही एका लिंगाचे लोक दोन तृतीयांशाहून जास्त नकोत, ४७ काउंट्यांतून एकेक महिला प्रतिनिधी वेगळी निवडली जाते, तरी संसदेने तो नियम पाळायचा कायदा काही केला नाही. २०२० ला सरन्यायाधीशांनी संसदच बरखास्त करा असा सल्ला राष्ट्राध्यक्षांना दिला! झाली नाही ती गोष्ट वेगळी. आपल्याकडे लोकसभा-विधानसभांत बायकांना आरक्षण देणारा २०२३ चा कायदा पास झाला आणि अंमलबजावणी जनगणना नि मतदारसंघ फेररचनेला बांधून ठेवली, ही दोन दुखणी शेजारी ठेवा, तास पुरणार नाही.

पेन्शनर_काकू: मी वेगळंच सुचवते, त्यांना त्यांच्या नोकरीबद्दलही विचार गं. आपल्या परराष्ट्र सेवेतली पहिली बाई सी. बी. मुथम्मा, १९४९ ची. तेव्हा नियम असा की बाईने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची आणि संसारामुळे काम नीट होत नाही असं सरकारला वाटलं तर राजीनामा मागता येणार. पुरुषाला असलं काही नाही. बढती डावलली तेव्हा त्या सुप्रीम कोर्टात गेल्या, केस चालू असतानाच सरकारने बढती देऊन टाकली, पण १९७९ च्या निकालात कोर्टाने नियमांवरून कान उपटलेच. ब्रिटिशांच्या फॉरिन ऑफिसात तर लग्न केलं की नोकरी सोडायची, थेट १९७३ पर्यंत.

नीलमोहर: काकू हे भारी आहे, मला माहितीच नव्हतं. पण सरपंचबाईंच्या मिस्टरांचं काय करू? ते तर स्वागत समितीत आहेत.

कोयनाकाठ: पंगतीच्या व्यवस्थेला लावा त्यांना. सगळ्या पुरुष मंडळींनाच. आणि सदस्यबायकांना एकेकटीला विचारा, घोळक्यात नको, पाण्याच्या लाईनचं बिल कोण पास करतं, चेकवर सही करताना वाचायला मिळतं का असलं. रोटेशनमधे आरक्षण उठलं की पुढच्या खेपेला ओपनमधून उभी राहणार का हेही विचारा, खरी गोम तिथे आहे.

मेधा_नैरोबी: आणि दुभाषी बाईच बघा, शक्यतो गावाबाहेरची. गावातलाच कुणी सर असला तर बाया त्याच्या तोंडाकडे बघून बोलतात.