आरव्ही-७ : पंखांच्या टोकांना विंगलेट लावावेत का?

ठोकाठोक
ओहायोत आमच्या गॅरेजमध्ये तीन वर्षं गाडीऐवजी आरव्ही-७ आहे, म्हणजे किटमधून घरी बांधायचं दोन आसनी विमान. पंख झाले, आता फायबरग्लासची टोकं बसवायची. शेजारचे दोघे ऑश्कोशच्या विमानमेळ्याहून विंगलेटचं, म्हणजे पंखाच्या टोकाला उभ्या लावलेल्या छोट्या पंखाचं, खूळ घेऊन आलेत. माझं मत: किटबरोबर आलेली टोकं लावा आणि उडा. विंगलेट म्हणजे निव्वळ हौस.

टोकापाशी खालची जास्त दाबाची हवा वर वळते, भोवरे उठतात, त्यातून इंड्यूस्ड ड्रॅग, म्हणजे लिफ्टची (पंखाच्या उचलीची) किंमत म्हणून होणारा हवेचा अडथळा. पण वेग दुप्पट केला की तो पाव होतो. १८०० पौंड वजन आणि २५ फुटांचा पंखविस्तार धरून वहीत आकडे मांडले. आठ हजार फुटांवर, ताशी १९५ मैलांना एकूण ड्रॅगमध्ये त्याचा वाटा निघाला सुमारे १३ टक्के. त्यातला दहावा हिस्सा वाचवला तरी वेग मैलभरही वाढत नाही. वर विंगलेटचं स्वतःचं घर्षण आहेच.

उलटा_वारा
सोयीचा वेग निवडलात राव! चढताना १०० मैलांना हाच वाटा निम्म्याच्या वर जातो, ते वहीत नाही आलं? जुलैच्या उन्हात डेन्व्हरकडे, पाच हजार फुटांवरच्या धावपट्टीवरून दोघं बसून, टाक्या भरून त्या विरळ हवेत उडा, मग हौस म्हणा. आणि व्हिटकॉम्बनी सत्तरच्या दशकात नासात विंगलेटवर केलेलं काम फक्त जेटपुरतं असतं, तर विमानं रचणाऱ्या बर्ट रुटाननी १९७५ च्या व्हेरीइझीला विंगलेट कशाला लावले असते? तेही घरी बांधायचंच विमान.

ठोकाठोक
व्हेरीइझीला शेपूट कुठंय? त्याचे रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी पाती) त्या विंगलेटवरच आहेत. तिथे ते पोटापाण्याचं काम करतात, आपल्याकडे नुसते मिरवतील. चढाईचं मान्य. पण मग दोन्हीकडे फूट-फूट पंखच वाढवा ना, इंड्यूस्ड ड्रॅग १४ टक्के उतरतो.

उलटा_वारा
आणि स्पार, पंखातला मुख्य कणा? तो तेवढाच! मुळाशी वाढलेला भार कोण सोसणार? विंगलेटनेही वाढतो, पण इतका नाही. तुम्हाला लूप मारायचेत ना त्याच पंखांवर?

पत्रेकाका
दोघंही टोकाला वजन टांगताय, त्याचं काय? रोल (कुशीवर वळणं) मंदावतो, स्पिनमधून (गरगरत खाली पडण्यातून) बाहेर यायला वेळ लागतो, फ्लटरचा (पंखाच्या घातक थरथरीचा) हिशोब नव्याने करावा लागतो. उडत्या विमानावर असा मोठा बदल केलात तर चाचणीच्या टप्प्यात परत, किमान पाच तास एकट्याने घिरट्या.

त्यापेक्षा टोकाची मागची कड बघा. माझ्या विमानाचा उजवा पंख सारखा खाली जायचा. महिनाभर उजवीकडेच शोधत बसलो. दोष निघाला डाव्या टोकात! त्याची मागची कड शेजारच्या एलेरॉनच्या (विमान कुशीवर वळवणाऱ्या पातीच्या) कडेपेक्षा पाव इंच खाली होती, म्हणजे तिकडे उगाच जास्त लिफ्ट. मीच बसवली होती, बोलणार कुणाला? एलेरॉन मधोमध बांधून ठेवला, हॅकसॉच्या पात्याने कड चिरली, एलेरॉनच्या रेषेत आणून इपॉक्सी आणि कापड भरलं. घासकामाने आठवडाभर अंग खाजत होतं, ते वेगळं.

ठोकाठोक
काका, आत्ता माझ्या टोकांना मोजपट्टी लावून आलो. उजवीकडे ठीक आहे, डावीकडे एक अष्टमांश इंच वर.

उलटा_वारा
चिरताय तर सगळं टोकच काढा, विंगलेटचा फोम माझ्याकडे पडून आहे. 😀 फक्त कार्बनचं कापड नको, आत नॅव्हचा (दिशादर्शक रेडिओचा) अँटेना लपवायचा असेल तर सिग्नलच येणार नाही.