मधुमेह निघाल्यावर कामावर परतताना कंपनीत सांगावं का?

चाकण_प्रेसशॉप
एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ९.२ आली. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड सुरू झालंय, सोमवारपासून परत लाईनवर. तिन्ही पाळ्या असतात. माझं मत स्पष्ट आहे: सुपरवायझरला आणि शेजारच्या ऑपरेटरला सांगायलाच हवं. ग्लिमेपिराइडवर असताना जेवण लांबलं तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोकं चालत नाही. प्रेस मशीनसमोर असं झालं आणि शेजारच्याला काही माहीतच नसेल, तर तो नुसतं तोंडावर पाणी मारत बसेल. बायको म्हणते, अजिबात सांगू नका, पुढे नडेल. तुमचं काय मत?

भोसरीचा_फिटर
वहिनी बरोबर बोलतायत. दादा, तुम्ही परमनंट असाल. आमच्याकडच्या कंत्राटी पोरानं सांगितलं, तर त्याला 'फिटनेस सर्टिफिकेट घेऊन ये' म्हणून घरी पाठवला आणि परत बोलावलंच नाही. कारण लेखी कोण देतं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात मधुमेह नाही. दाद मागायची तर कशाच्या जोरावर? आणि 'काळजीपोटी' रात्रपाळी काढली की नाईट अलाउन्स गेला. तेवढ्यात पोरांची फी निघते. ग्लुकोजची पुडी खिशात ठेवा आणि गप्प राहा.

सिस्टर_पिंपरी
खिशातली पुडी शुद्धीत असेपर्यंतच कामाची, भाऊ. मी एका कंपनीच्या दवाखान्यात नर्स आहे. माणूस शुद्धीत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, पाण्यातून द्यायचं आणि १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं. लगेच १०८ ला फोन. हे शेजारच्याला आधी माहीत नको?
सरसकट सगळ्यांनी सांगावं असं मात्र मी म्हणणार नाही. नुसत्या मेटफॉर्मिननं साखर इतकी खाली जाणं क्वचितच. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन आणि समोर मशीन, तिथे लपवणं धोक्याचं.
दादा, तुम्ही प्रेसवर पाळ्या करता हे गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना माहीत आहे का? साखर खाली जाण्याचा धोका कमी असलेली औषधं आहेत, सिटाग्लिप्टिनसारखी. तुम्हाला चालेल का ते डॉक्टरच ठरवतील. गोळी स्वतःहून बंद करू नका.

हिंजवडी_बस
मी टीमला सांगितलं. आता वाढदिवसाचा केक आला की माझ्यासमोरची प्लेट उचलली जाते आणि ऑनसाइटचं, म्हणजे क्लायंटकडे जाऊन काम करायचं, नाव निघालं की 'तुला झेपेल का?' माझं काम खुर्चीवरचं, गोळी फक्त मेटफॉर्मिन. कोणाचा जीव धोक्यात नव्हता. मी सांगायला नको होतं, असंच वाटतं.

चाकण_प्रेसशॉप
सिस्टर, कामाबद्दल डॉक्टरांनी विचारलंच नव्हतं. शनिवारी पाळ्यांचा तक्ता घेऊनच जातो. रात्रपाळी सोडायची नाही, पण रिलीव्हर, म्हणजे माझ्या जागी उभा राहणारा माणूस, वेळेवर मिळावा आणि जेवणाची सुट्टी पुढे ढकलू नये, एवढं सुपरवायझरकडे मागणार. ते मागायचं तर कारण सांगावंच लागेल.

भोसरीचा_फिटर
शेजारच्याला सांगा, तेवढं पटलं. सिस्टरनी सांगितलेलं आमच्या पोरांनाही दाखवतो. पण एचआरच्या टेबलावर स्वतःहून कागद ठेवू नका. कंत्राटी माणसाला तर मी आजही हेच सांगेन.