अंगणातलं मोहोळ: जाळायचं, हलवायचं की राहू द्यायचं?

परसदार
आमच्या आळीत यंदा दोन घरी वेगवेगळ्या जातीच्या मधमाशा बसल्यात. एका घरी मीटरबॉक्सच्या मागे भिंतीत सातेरी आणि दुसरीकडे आंब्याच्या उंच फांदीवर आग्या. दोन्हीकडे उपाय मात्र एकच ठरतोय, रात्री टेंभा लावा नाहीतर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. मला हे बिलकुल पटत नाही. निदान माशी कोणती ते तरी बघाल की नाही? फुलोरीचं पोळं साधारण तळहाताएवढं, एखाद्या झुडपाच्या काडीला धरून असतं, फार त्रास झाला तर तीच जागा सोडून जाते. पोयाच्या माशीला डंख मारताच येत नाही, भिंतीच्या भेगेतून मेणाची बारीक नळी बाहेर आलेली दिसली तर समजा तीच आहे. सातेरी अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक अशी पोळी बांधते, तिच्या भोकासमोर ठाण मांडून उभं राहिलं नाही तर ती आपलं काम करत राहते. आग्याचं तसं नाही, एकच मोठं उघडं पोळं, कधीकधी मीटरभर रुंद, त्यावर हजारो माशा, तिथे जपायलाच पाहिजे. पण विष यातल्या कुठल्याच माशीवर मारू नये असं माझं ठाम मत आहे. परसातल्या काकडीला, कारल्याला, भोपळ्याला फळ धरतं ते याच माशा फिरतात म्हणून.

निशिगंध
लिहायला सोपं आहे हो. माझ्या सासऱ्यांना शेतात एकच माशी चावली तर अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला, दवाखान्यात नेईपर्यंत बीपी खाली गेलं होतं. घरात रांगणारं बाळ आहे. मी काय माशीची जात ओळखत बसू? शिवनेरीसारख्या किल्ल्यांवर आग्या उठून लोक दवाखान्यात गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच ना. ज्याच्या दारात मोहोळ आहे त्याला ठरवू दे, लांबून सांगणाऱ्यांनी दया शिकवू नये असं मला स्पष्ट वाटतं.

तिकोना
निशिगंधताई, अशी ॲलर्जी असलेलं माणूस घरात असेल तर मोहोळ तिथे नको, यात वादच नाही. ॲड्रेनलिनचं इंजेक्शन घरात ठेवायचं का हे डॉक्टरांना जरूर विचारा. माझा विरोध फक्त विषाला आणि जाळण्याला आहे. भिंतीतल्या सातेरीवर स्प्रे मारला की मेलेल्या माशा, अळ्या, मध सगळं आतच राहतं. पंखांनी वारा घालून पोळं थंड ठेवणाऱ्या माशाच उरल्या नाहीत की उन्हाळ्यात मेण मऊ होऊन मध भिंतीतून झिरपतो, मग मुंग्या येतात, मेणकिडा लागतो, सगळ्यात वाईट म्हणजे दुसऱ्या मोहोळातल्या माशा तो विषारी मध लुटून आपल्या घरी नेतात. आणि भोक तसंच उघडं राहिलं तर जुन्या मेणाच्या वासाने नवा थवा परत तिथेच येऊन बसतो. आग्याला टेंभा लावणं तर त्याहून धोक्याचं, वाचलेल्या माशा उजेडाकडे झेपावतात, म्हणजे थेट तुमच्या खिडकीतल्या दिव्याकडे, आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या चवताळलेल्या असतात ते वेगळंच.

कातळ
सगळं खरं धरलं तरी मोहोळ न मारता हलवणारा मधपाळ आणायचा कुठून? आम्ही फायर ब्रिगेडला फोन केला तर म्हणाले हे आमचं काम नाही. जो एक मध काढणारा मिळाला तो पूर्ण पोळं कापून न्यायला निघालेला, अळ्यांसकट. पेस्ट कंट्रोलवाला एका फोनवर येतो. भाड्याच्या घरातल्या माणसाने, ज्याला घरमालक रोज विचारतोय, त्याने काय करावं? तुम्ही लोक माणसाची अडचण लक्षातच घेत नाही.

डोंगरवाट
कातळ, अडचण खरीच आहे, शहरात माणूस पटकन मिळत नाही. पण पुण्यात खादी आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, महाबळेश्वरला राज्याचं मध संचालनालय आहे, तिथे शिकलेले मधपाळ सातारा, कोल्हापूर, कोकण असे पसरलेत. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिकडे फोन करून आपल्या भागातला माणूस विचारायचा.

सातेरी हलवणं अवघड नाही पण हातखंडा लागतो. उन्हं कलल्यावर थोडा धूर देऊन पोकळी उघडतात, अळ्यांची पोळी अलगद कापून पेटीच्या चौकटींना केळीच्या सोपटाने नाहीतर दोऱ्याने बांधतात, राणी सापडून पेटीत गेली की बाकीच्या मागोमाग जातात. अंधार पडल्यावर दार बंद करून पेटी काही किलोमीटर लांब न्यायची, जवळच ठेवली तर माशा जुन्या जागी परत येतात. मग पोकळी खरवडून, धुवून सिमेंटने बुजवायची. आग्याला मात्र पेटीत ठेवता येत नाही, ती उघड्यावरच राहणारी.

निशिगंध
भिंतीतल्या सातेरीला माणूस येऊन नेणार असेल तर माझी हरकत नाही, चार दिवस थांबेन. पण आग्या माझ्या बाल्कनीखाली असेल तर मी थांबणार नाही, हे मी बदलणार नाही.

परसदार
बाल्कनीखालचा आग्या जाणत्या माणसाकडून उठवून घ्यावाच, मलाही मान्य आहे. पण आळीतला आंब्यावरचा खूप उंच आहे, वर कुणाची वर्दळ नाही, आणि आपल्याकडे आग्या बहुतेक पावसाच्या आसपास जागा सोडते. तोवर त्या झाडाखाली पालापाचोळा जाळायचा नाही, फटाके नाहीत, ड्रोन नाही, आणि त्या दिशेचा हॅलोजन बंद. पोळ्यावर माशांची चमकती लाट फिरताना दिसली की त्या सावध झाल्यात, मागे फिरायचं. एक डंख बसला की पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि तो बाकीच्यांना बोलावतो, म्हणून तिथे उभं राहून हात झटकायचे नाहीत, तोंड झाकून धावत बंद खोलीत. विहिरीत उडी नको, त्या वर घिरट्या घालत थांबतात. नांगी नखाने, चिमट्याने, कशानेही काढा पण लगेच काढा, तिच्यातून विष उतरतच राहतं. लोखंड, कांदा नंतर. श्वास लागला किंवा तोंड सुजलं तर थेट दवाखाना.

कातळ
हॅलोजन आजच बंद करायला सांगतो. पण मीटरबॉक्समागची सातेरी काढताना करंट चालू असेल त्याचं काय?

डोंगरवाट
आधी वीजवाल्यांना सांगून सप्लाय बंद करून घ्यायचा, मगच भिंतीला हात लावायचा. ओल्या धुराने आणि मधाने तिथे सगळं चिकट होतं. मधपाळाला फोन करताना हे पहिल्यांदा सांगा, म्हणजे तो त्या हिशोबाने वेळ देईल.