पंखातील इंधन टाकी गळते आहे : दुरुस्त करावी की बदलावी?

प्रश्न – खालचा_पंख

आमचे एका इंजिनाचे, चार आसनी, खाली पंख असलेले जुने विमान आहे. डाव्या पंखाखाली, टाकी आणि मुख्य पंख जिथे मिळतात त्या सांध्यावर, पंखाच्या मुळाजवळ निळसर डाग दिसू लागला आहे. टाकी काठोकाठ भरली की पुसलेला डाग काही तासांत पुन्हा उमटतो. अर्धी असताना उमटत नाही. टाकी ॲल्युमिनियमची आहे, रिव्हेट मारून बनवलेली आहे आणि पंखाच्या पुढच्या कडेचाच भाग म्हणून सर्व बाजूंनी स्क्रूंनी बसवलेली आहे. आमचे परवानाधारक अभियंते ती उतरवण्यास तयार आहेत. नवी टाकी घ्यावी, जुनीच दुरुस्त करून घ्यावी, की एका परिचितांनी सुचवल्याप्रमाणे आतून सीलंटचे (सांधे बंद करणाऱ्या रसायनाचे) पातळ द्रावण फिरवावे, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

उत्तर – रिव्हेट_आणि_रंग

डाग जिथे दिसतो तिथेच गळती आहे असे गृहीत धरू नये. 100 एलएल या विमानाच्या पेट्रोलला निळा रंग दिलेला असतो. इंधन उडून जाते आणि रंग मागे राहतो, त्यामुळे डाग इंधन शेवटी कुठे पोहोचले एवढेच सांगतो. आपल्या वर्णनातील महत्त्वाचा धागा म्हणजे अर्ध्या टाकीला डाग येत नाही. खाली पंख असलेल्या अशा विमानांचा पंख मुळाकडून टोकाकडे थोडा वर चढत जातो, म्हणून टाकी अर्धी झाली की बाहेरच्या टोकाचा बराचसा भाग कोरडा पडतो. तिथल्या एखाद्या सैल रिव्हेटमधून झिरपलेले इंधन सांध्याच्या आडोशाने उताराला लागून मुळापर्यंत येऊ शकते. भरण्याच्या तोंडाभोवतीचा जोड, हवानळीचा जोड आणि इंधनमापकाच्या सेंडरचे (टाकीतील पातळी काट्याला कळवणाऱ्या भागाचे) गॅस्केट म्हणजे गळती रोखणारी चकती हेही संशयित आहेतच, आणि त्यांपैकी गॅस्केट असेल तर टाकी बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. तळाचा ड्रेन व्हॉल्व्ह मात्र निर्दोष दिसतो, कारण तो गळत असता तर अर्ध्या टाकीलाही गळला असता.

गळती किती आहे हेही मोजावे. जागा कोरडी पुसून 30 मिनिटांनी ओल किती पसरली ते पाहण्याची रीत आहे : साधारण 19 मिलिमीटरपर्यंत मंद झिरप, 38 पर्यंत झिरप, 100 पर्यंत जोरदार झिरप, आणि थेंब पडू लागले की वाहती गळती. मात्र इंधन पंखाच्या बंद पोकळीत साचत असेल तर ओल थोडी आहे म्हणून उड्डाण करू नये. तिथे वाफ कोंडते.

उत्तर – उडता_हिशेब

टाकी उतरवण्याचा खर्च पाहता द्रावणाचा उपाय अगदीच टाकाऊ नाही. पूर्वी कित्येकांनी तो केला आहे.

उत्तर – हँगरचा_कोपरा

केला आहे, आणि म्हणूनच आता तो टाळतात. हे द्रावण जुन्या, न स्वच्छ केलेल्या पत्र्यावर नीट धरत नाही. पुढे त्याचे पापुद्रे सुटतात आणि निर्गम नळीच्या जाळीवर जाऊन बसतात. गळती थांबवण्यासाठी इंजिनाचा इंधनपुरवठा पणाला लावण्यात शहाणपण नाही. रिव्हेटच्या ओळी उघडून योग्य पॉलिसल्फाइड सीलंटने त्या पुन्हा बंद करणे ही खरी दुरुस्ती. पत्रा आतून गंजून खड्डे पडले असतील तर मात्र टाकी बदलावी.

उतरवण्याचे काम उघड्यावर टाकी रिकामी करून, विमानाला अर्थिंग जोडून आणि बॅटरी काढून सुरू करावे. सर्वाधिक वेळ स्क्रू खातात : ॲल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षे बसलेला पोलादी स्क्रू जाम होतो आणि त्याचे डोके झिजते. आदल्या दिवशी भेदक तेल सोडावे, आणि ड्रिल लागलेच तर ते हवेवर चालणारे असावे, विजेचे नव्हे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा निर्धोक, असे समजू नका. आतील वाफ पूर्ण काढल्याशिवाय तिच्याजवळ वेल्डिंगचे नावही काढू नये.

दाबचाचणीसाठी कंप्रेसरची नळी टाकीला थेट कधीही जोडू नये. 1 पीएसआय (चौरस इंचाला एक पाउंड) दाब ऐकायला किरकोळ वाटतो, पण एक चौरस मीटर पत्र्यावर तो जवळपास 700 किलोंचा भार होतो, आणि चपटी टाकी फुगून कायमची वाकडी होते. देखभाल पुस्तिकेत दिलेला दाब पाण्याच्या यू नळीवर (यू आकाराच्या नळीतील पाण्याच्या पातळीवरून) मोजावा आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. टाकीवर ऊन येऊ देऊ नये, कारण आतील हवा तापून दाब वाढला की बारीक गळती झाकली जाते.

प्रश्नकर्ता – खालचा_पंख

मनःपूर्वक आभार. आधी सेंडरचे गॅस्केट आणि भरण्याचे तोंड तपासून, मगच टाकी उतरवण्याचे ठरवले आहे. परत बसवताना विशेष काय पाहावे?

उत्तर – हँगरचा_कोपरा

टाकी उतरलीच आहे तर इंधनाच्या रबरी जोडनळ्या नव्या घालाव्यात आणि हवानळी फुंकून मोकळी असल्याची खात्री करावी; ती तुंबली तर टाकीत निर्वात तयार होऊन इंजिनाला इंधन मिळेनासे होते. इंधन मोजून टप्प्याटप्प्याने भरावे आणि प्रत्येक टप्प्यावर मापकाचा काटा पडताळावा. टाकी काठोकाठ भरून रात्रभर ठेवावी, सकाळी सांधा पाहावा आणि त्यानंतरच अभियंत्यांनी नोंदवहीत सही करावी.