मदत हवी आहे: पाइपांची चाचणी न करताच वर काँक्रीट होतंय

रत्नागिरी जिल्ह्यातलं किनाऱ्यावरचं छोटं शहर, नगरपरिषद आहे. आमच्या आळीत जानेवारीत नव्या पाणीयोजनेचे एचडीपीई (जाड प्लास्टिकचे) पाइप पुरले. घरगुती जोडण्या अजून नाहीत, पाणी दाबाने सोडून गळती तपासतात ती दाबचाचणी केल्याचं कुणीच पाहिलेलं नाही, आणि येत्या सोमवारपासून त्याच चरावर काँक्रीट ओतणार आहेत. म्हणजे जोडणी द्यायला पुन्हा ब्रेकर! जांभ्यात खणलेला चर नुसत्या मातीनं बुजवलाय, धुम्मस केलेलं नाही, ते वेगळंच.

नगरसेवकांना भेटलो, "बघतो" म्हणाले. पाणीपुरवठा विभाग बांधकामाकडे बोट दाखवतो, बांधकाम पाणीपुरवठ्याकडे. माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय, पण उत्तराची मुदत 30 दिवस. तोवर रस्ता होऊन जाईल. त्यामुळे कृपया तो सल्ला नको. काम बंद पाडायचंही नाही. आळी जेमतेम दहा फुटी, दुसरी वाट नाही, मृगाआधी रस्ता व्हायलाच हवा. विहिरी एप्रिलपासून मचूळ होतात, म्हणून नळही हवेतच.

मुख्याधिकाऱ्यांना उद्या लेखी अर्ज देतोय, आळीतल्या 22 घरांच्या सह्या आहेत. त्यात नेमकं काय मागू? दाबचाचणीचा अहवाल, मोजमाप पुस्तिकेतली (झालेल्या कामाची मापं लिहितात ती वही) नोंद, की दोन्ही? आणि प्रत्येक घरासमोर जोडणीसाठी काँक्रीटखालून आत्ताच रिकामे आडवे पाइप टाकून घेता येतात का, की अंदाजपत्रकात नसेल तर ठेकेदार हात वर करतो? कुणी आपल्या गावात असं करून घेतलंय का?